परमुलखातले बिऱ्हाड आणि गावाची खोली



पोटासाठी मुलूख सोडणाऱ्या माणसांचा इतिहास लिहिताना आपण बहुधा दोन गोष्टींची नोंद करतो : माणूस कोठून निघाला आणि तिकडे जाऊन किती मिळवू लागला. या दोहोंच्या मध्ये एक तिसरी गोष्ट असते, तिच्याकडे सहसा कोणी पाहत नाही. परक्या बंदरावर उतरलेल्या माणसाला पहिल्या संध्याकाळी पगाराची चिंता नसते. आज पेटी कोठे ठेवायची आणि अंग कोठे टाकायचे, ही त्याची चिंता असते. जेथे मजुरी चढी असते तेथे भाडेही चढेच असते. आणि मजुरी काम केल्यावर हाती येते, भाडे मात्र बिऱ्हाड मांडण्यापूर्वी मोजावे लागते. या दोन तारखांमधले अंतर गरीब माणसाने कसे ओलांडले, हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे.

या प्रश्नाचा विचार करण्यासाठी आम्ही एक ठरावीक उदाहरण घेतले आहे : मुंबईत पोट भरायला आलेले गोमंतकीय आणि त्यांच्या 'कुडी'. कोणी म्हणेल, गोव्याहून मुंबईला येणे हे परदेशगमन कसे? आज ते नाही हे खरे. पण १९ डिसेंबर १९६१ पर्यंत ते होते. १५१० पासून गोवा पोर्तुगालच्या ताब्यात होता. मुंबईही पूर्वी पोर्तुगीजांचीच. १६६१ च्या विवाहकराराने ती इंग्लंडच्या राजाला मिळाली आणि १६६८ मध्ये त्याने ती वर्षाला दहा पौंड खंडाने ईस्ट इंडिया कंपनीला दिली. तेव्हापासून या दोन किनाऱ्यांवर दोन निशाणे फडकत राहिली. गोव्यातले कायदे वेगळे, कचेरीची भाषा वेगळी, नाणेही वेगळे. बार्देशातला किंवा साष्टीतला एखादा तरुण पणजीहून बोटीत बसला, म्हणजे एका राजाची हद्द सोडून दुसऱ्या राजाच्या हद्दीत पाऊल टाकत असे. मुंबईत तो परक्या राज्याचा प्रजाजन होता. अंतर थोडे, भाषा ओळखीची, पण माणूस कायद्याने परदेशी, अशी ही स्थिती होती.

हा तरुण घर का सोडत होता? गोव्याची जमीन सुपीक, पण थोडी. पुष्कळ ठिकाणी ती भाटकाराची, म्हणजे जमीनदाराची. आणि त्या जमिनीवर घर बांधून राहणारा मुंडकार हा भाटकाराच्या मर्जीने राहणारा. घर स्वतः बांधलेले असले, तरी घराखालची जागा दुसऱ्याची. मुंडकारांना हुसकावणीपासून संरक्षण देणारा कायदा गोव्यात व्हायला १९७० चे दशक उजाडले, यावरून या प्रश्नाचे वय ध्यानी येईल. त्यातच १८७८ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज यांच्यात एक करार झाला. त्याने गोव्यातला मिठाचा धंदा इंग्रजांच्या मक्त्याखाली गेला आणि मिठागरांवर जगणाऱ्या पुष्कळांची रोजी तुटली. करार १८९२ मध्ये संपला, पण गेलेली रोजी त्याबरोबर परत आली नाही. याच करारातून मुरगावचे बंदर आणि गोव्याला इंग्रजी मुलखाशी जोडणारी रेल्वे निघाली. म्हणजे ज्या कराराने पोटावर पाय दिला त्यानेच बाहेरची वाटही काढून दिली. १८६९ मध्ये सुएझचा कालवा खुला झाल्यावर मुंबई बंदरातली आगबोटींची ये-जा वाढली होतीच.

मुंबईत या माणसांना काम मिळे, यालाही कारण होते. साहेबाच्या स्वयंपाकघरात गाईचे आणि डुकराचे दोन्ही मांस शिजे. हिंदू आणि मुसलमान आचाऱ्यांना तेथे अडचण होती. गोव्याच्या ख्रिस्ती माणसाला ती नव्हती. त्यामुळे कुक, बटलर, आया या कामांत गोमंतकीयांचा जम बसला. गोव्यातल्या चर्चच्या शाळांत मुलांना पाश्चात्त्य पद्धतीचे संगीत, स्वरलेखन वाचण्यासकट, शिकवीत. म्हणून पलटणींच्या बँडांत आणि पुढे हॉटेलांच्या व चित्रपटांच्या वाद्यवृंदांत त्यांना जागा मिळाली. आणि सर्वांत मोठा ओघ गेला तो बोटींकडे. पी. अँड ओ., ब्रिटिश इंडिया यांसारख्या कंपन्यांच्या जहाजांवर उतारूंना वाढणारे, स्वयंपाक करणारे आणि कोठी सांभाळणारे नोकर प्रामुख्याने गोमंतकीय असत. गोव्यात बोटीवरच्या माणसाला 'तारवटी' म्हणतात. पुढच्या हकिगतीचा नायक हा तारवटीच आहे, कारण महागड्या शहराचा प्रश्न त्याच्यापुढे सर्वांत बिकट रूपात उभा होता.

मुंबई म्हणजे समुद्राने वेढलेली चिंचोळी जागा. कापसाचा व्यापार, गिरण्या, गोदी यांनी माणसे ओढून आणली. पण त्यांना राहायला जागा त्या वेगाने वाढणे शक्य नव्हते. एका खोलीत एक कुटुंब आणि वर दोनचार पाहुणे, ही कामगारवस्तीतली नित्याची स्थिती होती. १८९६ मध्ये प्लेग आला आणि या दाटीचा जाब साऱ्या शहराला द्यावा लागला. अशा शहरात महिन्याच्या महिन्याला भाडे भरणारा माणूस तरी कसाबसा तगे. तारवट्याची मिळकत महिन्याची नव्हतीच. ती सफरीची होती. बोट लागली की काही महिने पगार आणि फुकट जेवणखाण. बोटीवरून उतरले की पुढची बोट लागेपर्यंत सारा शुकशुकाट. हा वाट पाहण्याचा काळ कधी आठवड्यांचा, कधी महिन्यांचा. त्या काळात गोव्याला परत जावे तर जाण्यायेण्याचा खर्च, आणि शिवाय भरतीच्या वेळी हजर नसल्यामुळे नोकरी हुकण्याची भीती. मुंबईत राहावे तर भाडे. समुद्रावर असताना खोली रिकामी ठेवावी तर न राहिल्याचे भाडे. सोडून द्यावी तर परतल्यावर पुन्हा नवी शोधाशोध, नवे डिपॉझिट. कंजूषपणाने सुटणारे हे कोडे नव्हते. तारवट्याने एक वेळ उपाशी राहून चार आणे वाचवले असते, तरी मिळकत सफरीची आणि भाडे महिन्याचे हा मूळचा पेच तसाच राहिला असता.

हा पेच कुडीने सोडवला. कोंकणीत 'कूड' म्हणजे खोली. आपल्या मराठीत कूड म्हटले की कामट्यांची, मातीने लिंपलेली भिंत डोळ्यांपुढे येते. कोंकणीतल्या कुडीत चार भिंती आणि वर छप्पर असे सगळेच आले. पुढे तिला 'क्लब' हे ऐटदार नाव मिळाले, आणि पाटीवर गावाचे नाव झळकू लागले. पण या क्लबात गुबगुबीत खुर्च्या नव्हत्या. एका गावच्या मंडळींनी मिळून भाड्याने घेतलेली एक मोठी खोली, फार तर दोन-तीन खोल्या, असे त्याचे स्वरूप. धोबीतलाव, सोनापूर, काव्हेल, माझगाव या भागांत या कुडी दाटीने वसल्या; कारण चर्च जवळ, बाजार जवळ आणि गोदी पायी गाठता येण्याजोगी. विसाव्या शतकाच्या मध्यास मुंबईत अशा तीनशेहून अधिक कुडी होत्या. धोबीतलावच्या जेर महाल या एकाच इमारतीत अनेक गावांच्या कुडी एकमेकींना लागून नांदत होत्या.

कुडीत पाऊल टाकले की पहिल्याने दिसत त्या पेट्या. भिंतीच्या कडेने ओळीने मांडलेल्या, कुलूपबंद, प्रत्येकीवर मालकाचे नाव. सभासदाचा हक्क होता तो मुख्यतः या पेटीच्या जागेवर. पेटी ठेवायला जागा आणि रात्री तिच्यापुढे चटई अंथरायला जागा, एवढाच त्याचा संसार. एका बाजूला वेदी, तीवर गावच्या रक्षक संताची तसबीर किंवा मूर्ती, पुढे दिवा. एका कोपऱ्यात रांधण्याची सोय. वर्गणी आण्यांत मोजण्याजोगी. आणि बोटीवर असलेल्या सभासदाला परतल्यावर ती चुकती करण्याची सवड.

यातला हिशेब पाहण्यासाठी आपण एक कल्पित उदाहरण घेऊ. आकडे केवळ समजुतीसाठी आहेत. खोलीचे भाडे महिना तीस रुपये आहे असे धरा. एकट्या माणसाने ती घेतली तर पगाराचा मोठा घास तीच गिळील. आता त्याच खोलीचे साठ सभासद आहेत आणि प्रत्येकजण महिन्याला आठ आणे देतो. साठ गुणिले आठ आणे म्हणजे तीस रुपये, भाडे भागले. पण साठ माणसे एका खोलीत मावणार कशी? मावायची गरजच नव्हती. साठांपैकी चाळीस समुद्रावर, आठजण साहेबाच्या बंगल्यावर नोकरांच्या खोल्यांत, आणि उरलेले बारा तेवढे रात्री चटई टाकणारे. जे हजर नसत त्यांच्या वर्गणीवर हजर असलेल्यांचा निवारा चाले. आणि आज हजर असलेला उद्या बोटीवर गेला म्हणजे तो दुसऱ्यांचा निवारा चालवी. ज्या गैरहजेरीमुळे एकट्याची खोली त्याला परवडत नव्हती, त्याच गैरहजेरीमुळे सर्वांची खोली परवडू लागली. कोणा अर्थशास्त्र्याने ही योजना आखून दिली नव्हती. आचारी, वाढपी आणि शिंपी यांनी ती चालता चालता बसवली.

अशी योजना कागदावर सोपी वाटते. ती टिकते विश्वासावर. सहा महिन्यांसाठी निघून जाणारा माणूस आपली सारी चीजवस्तू पेटीत घालून कोणाच्या भरवशावर ठेवणार? भाड्याच्या खानावळीत शेजारी कोण आहे हे ठाऊक नसते. कुडीत शेजारी कोण, त्याचा बाप कोण, त्याचे शेत कोठे, हे सर्व ठाऊक असे. येथे चोरी केली तर तिची बातमी पुढच्या बोटीने गावी पोचणार आणि तेथे बहिणीचे लग्न अडणार, हे प्रत्येकाला कळत होते. या नैसर्गिक धाकावर नियमांची चौकट होती. कुडीला अध्यक्ष असे, हिशेबनीस असे. दारू पिऊन दंगा नको, जुगार नको, ठरल्या वेळी दिवा मालवायचा, आणि संध्याकाळच्या रोझरीच्या प्रार्थनेला हजर राहायचे, असे हे नियम. बाहेरच्याला त्यात कर्मठपणा दिसेल. आम्हांस वाटते, त्या प्रार्थनेत भक्ती होती तशी हजेरीही होती : आज कोण आला, कोण आला नाही, कोण आजारी आहे, हे रोज संध्याकाळी आपोआप कळे.

या पायावर पुष्कळ गोष्टी उभ्या राहिल्या. कोणत्या बोटीची भरती निघाली, कोणत्या साहेबाला आचारी पाहिजे, ही बातमी आधी कुडीत येई. नवख्या पोराला काटा-सुरी कोणत्या हाताला मांडायची हे जुना वाढपी येथेच शिकवी. अक्षरशत्रूचे पत्र लिहून देणारा, आलेले वाचून दाखवणारा येथे भेटे. गावी जाणाऱ्याच्या हाती पैसे, कापड, औषध धाडता येई. आजाऱ्याला पेज मिळे. आणि परमुलखात मरण आले तर प्रेत बेवारशी पडत नसे, खांदा द्यायला गावचीच माणसे असत. शहरात या एकेका गोष्टीला दाम पडतो. दलाल, शिकवणी, लेखनिक, हुंडी, शुश्रूषा, अंत्यविधी : या सर्वांचा खर्च जोडून पाहा. भाड्यापेक्षा कुडीने वाचवला तो हा खर्च अधिक होता.

ही शिस्त या माणसांनी आणली कोठून? आमच्या मते तिचे मूळ गोव्याच्या गावकारीत आहे. पोर्तुगीजांच्या येण्यापूर्वीपासून गोव्यातली गावे आपल्या सामाईक जमिनी समाईकपणे पाहत. बांध राखणे, देवाचा खर्च, वर्षअखेर उरलेल्याची वाटणी, हे सर्व गावकरांच्या सभेत ठरे. पोर्तुगीजांनी ती पद्धत 'कोमुनिदाद' या नावाने चालू ठेवली. तारवटी बोटीत चढला तेव्हा त्याच्या पेटीत पैसा नव्हता. पण 'सामाईक वस्तू कशी राखावी' हे पिढ्यांचे ज्ञान त्याच्याबरोबर होते. शेताच्या बांधाऐवजी आता खोलीचे भाडे, एवढाच फरक. कुडीत ज्यांना प्रवेश मिळे त्यांतले पुष्कळजण गावच्या गावकारीत हक्क नसलेले गरीब होते. गावाने ज्यांना वाटा दिला नव्हता त्यांनी परमुलखात गावाची रीत चालवली, हे आम्हांस विशेष वाटते.

येथे तुलनेसाठी एका प्रसिद्ध पुरुषाची आठवण करू. १८८८ साली गांधीजी बॅरिस्टरीसाठी लंडनला गेले. तेथल्या खर्चाने ते धास्तावले. पै-पैचा हिशेब ठेवू लागले. दोन खोल्यांचे बिऱ्हाड सोडून एक खोली घेतली, शेगडी आणली, सकाळी ओटची लापशी आणि कोको घरी करू लागले, गाडीभाडे वाचवण्यासाठी रोज आठदहा मैल चालले, आणि दिवसाला एक शिलिंग तीन पेन्सवर आणून खर्च बसवला. हे सर्व त्यांनी आत्मकथेत लिहिले आहे. एकट्याने करण्याच्या काटकसरीचा तो आदर्श नमुना आहे, आणि त्याबद्दल आदरच वाटतो. पण त्या काटकसरीमागे घरून येणारा पैसा होता. थोरले बंधू तो पाठवीत होते. तारवट्याची गोष्ट उलटी होती. घर त्याच्याकडे डोळे लावून बसले होते. स्वतः जगून वर पाठवायचे, ही त्याची अट होती. आणि ती अट एकट्याच्या काटकसरीने पुरी होत नाही. एकटा माणूस गरजा कमी करू शकतो. बेकारी, आजार आणि मरण यांचा खर्च मात्र त्याला एकट्याला कमी करता येत नाही. तो वाटूनच घ्यावा लागतो.

आपल्या कोकणी माणसाला हे निराळे सांगायला नको. रत्नागिरीकडून गिरणगावात आलेल्या चाकरमान्यांनीही गावकरी मंडळाच्या खोल्या केल्या. तेथे भिंतीला ट्रंका आणि वळकट्या. दिवसपाळीचा कामावर गेला की त्याच जागी रातपाळीचा आडवा होई. जेवण मात्र बहुधा खानावळीत, आणि खानावळ चालवणारी एखादी बाई. पंधरावीस माणसांचे दोन वेळचे रांधणारी ही बाई नसती, तर गिरणीकामगाराला त्या पगारात मुंबई परवडलीच नसती. तिच्या कष्टाकडे शहराचे लक्ष फार उशिरा गेले. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी या खानावळवाल्या बायांना सावकाराच्या व्याजातून सोडवण्यासाठी अन्नपूर्णा महिला मंडळ काढले. प्रेमाताई मूळच्या गोव्याच्या आणि गोवामुक्तीच्या लढ्यातल्या, हा योगायोगही ध्यानात ठेवण्याजोगा आहे. मुंबईतल्या गोमंतकीय हिंदूंनीही १९१९ मध्ये गोवा हिंदू असोसिएशन ही संस्था काढली. नाटकांमुळे तिचे नाव महाराष्ट्रात घरोघरी झाले.

येथवर आम्ही कुडीची जमेची बाजू सांगितली. इतिहास लिहिणाऱ्याने खर्चाची बाजू झाकून ठेवू नये.

पहिला खर्च गोव्यातल्या घरांनी सोसला. कूड ही मुळात एकट्या पुरुषांची वस्ती. बायकामुलांना तेथे जागा नव्हती, म्हणूनच ती स्वस्त होती. मुले वाढवणे, म्हाताऱ्यांचे करणे, शेत लावणे, माडांचे पाहणे, भाटकाराची बोलणी ऐकणे, हे सर्व मागे राहिलेल्या बाईच्या अंगावर. नवरा दोनतीन वर्षांनी काही आठवडे येई. मुलाला बाप म्हणजे पेटी घेऊन येणारा पाहुणा वाटे. मुंबईतल्या खोलीचे भाडे आठ आणे होते असे आपण म्हणतो तेव्हा या बाईच्या कष्टाची किंमत त्यात धरलेली नसते. ती धरली, तर कुडीतला मुक्काम फारसा स्वस्त ठरत नाही.

दुसरा खर्च मनाच्या कोतेपणाचा. ज्या ओळखीने विश्वास निर्माण होतो तीच ओळख दाराला आगळही घालते. कूड गावची, परगावच्याला तेथे हक्क नाही. काही गावांत तर ख्रिस्ती झाल्यावरही जात सुटली नव्हती, आणि एकाच गावच्या निरनिराळ्या जातींच्या निरनिराळ्या कुडी होत्या. गावाबरोबर गावातला भेदही बोटीत बसून आला. सहकार्याची स्तुती करताना हे विसरता येत नाही.

तिसरा खर्च असा, की जो माणूस साऱ्या आयुष्यात पेटीपुरतीच जागा घेतो, त्याला ते शहर कधी आपले वाटत नाही. कित्येक तारवट्यांनी तीस-तीस वर्षे मुंबईत ये-जा केली. पण घर बांधले ते गोव्यात. पाठवलेल्या पैशांवर गोव्याची आयात भागे, आणि तेथे नवे उद्योग काढण्याची निकड सरकारला भासत नसे. मनीऑर्डरीवर जगणारा मुलूख आतून पोकळ होत जातो, हे कोकणानेही अनुभवले आहे. १९५४-५५ च्या सुमारास भारत सरकारने गोव्याशी आर्थिक व्यवहार तोडले, रेल्वे बंद झाली, ये-जा परवान्यावर आली, पैसे पाठवण्यावर बंधने आली. तेव्हा इतकी वर्षे नकाशावरच राहिलेली सरहद्द एकदम घराघरांतून गेली. मुंबईतल्या मुलाला गावी आई वारल्याचे कळले तरी निघता येईना. परक्या मुलखातल्या मिळकतीवर घर उभे असले, म्हणजे दोन सरकारांच्या भांडणात पहिला घाव त्याच घराला बसतो.

तरीही, केवळ सोसणे हाच कुडीचा इतिहास नव्हे. पेट्यांच्या ओळींमध्ये एका भाषेचे सार्वजनिक जीवनही वाढले. १७ एप्रिल १८९२ रोजी, ईस्टरच्या रविवारी, मुंबईतल्या न्यू आल्फ्रेड थिएटरात लुकाझिन ऱिबेरो यांनी 'इटालियन भुर्गो' हा कोंकणी खेळ केला. तेथून कोंकणी तियात्राचा आरंभ धरतात. आपण पाहा, गोव्याच्या रंगभूमीचा जन्म गोव्यात झाला नाही, मुंबईत झाला. १८९५ मध्ये जुआंव आगुस्तिन फेर्नांदिश यांनी जो खेळ केला त्याच्या नावात काव्हेल होते, म्हणजे कुडींचीच वस्ती. त्यांनीच पुढे 'भाटकारा' या तियात्रात जमीनदार आणि मुंडकार यांचे नाते रंगवले, आणि १९०४ मध्ये त्यात त्यांची पत्नी रेजिना हिने काम केले. तियात्रातली ती पहिली स्त्री. घरी भाटकारापुढे मान वर न करणारा मुंडकार मुंबईत तिकीट काढून त्याच भाटकाराची फजिती पाहून हसत होता. स्वस्तात राहता आले म्हणून चार आणे शिलकीला पडले, आणि त्या चार आण्यांतून नाटक उभे राहिले. माणसाला निव्वळ जगण्यापलीकडे थोडे उरले, की ते तो कशावर खर्च करतो, यावरून त्याची पारख होते.

१९६१ नंतर गोवेकर मुंबईत परदेशी राहिला नाही. १९४७ च्या भाडेनियंत्रणाच्या कायद्याने जुन्या खोल्यांची भाडी गोठली, म्हणून कुडी तगल्या. पण त्याच कारणाने इमारतींची डागडुजी राहिली. पुढे बोटींचा धंदा पालटला, माणसे आखाती देशांकडे वळली, विमानाने थेट गोव्याहून जाऊ लागली. मुंबईत थांबण्याची गरज कमी झाली. जागेला मात्र सोन्याचे मोल आले. कित्येक कुडी बंद पडल्या, कित्येक पाडापाडीत गेल्या. काही आजही चालू आहेत. पेट्या आहेत, वेदी आहे, बोटीची किंवा व्हिसाची वाट पाहणारी मुलेही आहेत.

आता या इतिहासाचा आपल्याशी संबंध काय, ते सांगून भाषण संपवतो. आपल्या गावांतून आज मुले दुबईला जातात, सिंगापूरला जातात, लंडनला जातात. त्यांच्या पगाराचा आकडा आपण कौतुकाने सांगतो, रुपयांत गुणून सांगतो; तेथल्या भाड्याने गुणून पाहत नाही. दुबईत एका खोलीत चारसहा खाटा मांडून एकेक खाट भाड्याने देतात. तिला 'बेड-स्पेस' असे नाव आहे. वरवर पाहता ही कूडच. पण खाट परक्याची असते, शेजारी परका असतो, आणि नोकरी सुटली की खाटही सुटते. दाटी तीच, तिला बांधून ठेवणारा गाव मात्र नाहीसा झाला आहे. परदेशांतली आपली मंडळे गणपती बसवतात, दिवाळीला फराळ करतात, आणि ते चांगलेच आहे. पण नव्याने उतरलेल्या मुलाला पहिले दोन महिने डोके टेकायला हक्काची जागा, नोकरी गेलेल्याला पुढची मिळेपर्यंत आधार, मेलेल्याला खांदा, ही कामे उत्सवाने भागत नाहीत. त्यांना खोली लागते, वही लागते आणि दरमहा थोडी वर्गणी लागते; जो आज सुखात आहे त्याचीसुद्धा.

कुडीचे दोष आम्ही सांगितलेच आहेत. तिची आगळ आपल्याला नको. जात आणि गाव न विचारता दार उघडणारी कूड आज पाहिजे, आणि तीत बायकांनाही जागा पाहिजे. पण तिचा मूळ हिशेब अजून खोटा ठरलेला नाही. महागड्या शहरात नवखा माणूस एकट्याच्या पगारावर टिकत नाही. जे आज हजर नाहीत त्यांनीही ज्याचा वाटा उचलला आहे, अशा एखाद्या सामाईक जागेवर तो टिकतो. मुलाला निरोप देताना आपण त्याच्या हाती नारळ देतो. त्याबरोबर तिकडे उतरल्यावर कोणत्या दारावर हक्काने थाप मारायची, तेही त्याला सांगता आले पाहिजे. तसे दार आज नसेल, तर ते उभारणे हे त्या मुलाइतकेच मागे राहिलेल्या आपणा सर्वांचे काम आहे.